बर्डी-धरमपेठेत हॉट टबचा व्यवसाय: जागावापराची परवानगी कोणत्या क्रमाने घ्यावी

चौकशीला येणाऱ्यांच्या हातात बहुतेकदा तीन कागद असतात: भाडेकराराची प्रत, टबचं कोटेशन आणि इंटिरिअरवाल्याने करून दिलेलं चकचकीत थ्रीडी चित्र. इमारतीचा मंजूर नकाशा मात्र कुणाकडेच नसतो. डिपॉझिट गेलेलं असतं, टबचा अॅडव्हान्स गेलेला असतो आणि मग प्रश्न येतो, "सर, हे झोनमध्ये बसतं ना?"

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. खाली दिलेला क्रम नागपूरच्या मध्यवर्ती भागासाठी आहे, म्हणजे सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठ, सदर, धंतोली. उदाहरणादाखल गरम पाण्याचे, सहा माणसं बसतील असे चार टब, तासाच्या भाड्याने, बाजारातल्या इमारतीत, असं धरलं आहे.

## टप्पा १: धंद्याचं वर्णन एका पानावर लिहा

३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे जिला 'यूडीसीपीआर' म्हणतात ती, नागपुरातही चालते. कुठल्या झोनमध्ये कोणता वापर चालतो, ते तिच्या चौथ्या प्रकरणात आहे. हॉट टबचा वेगळा वर्ग तिथे नाही. त्यामुळे नगररचना विभागातला माणूस तुमच्या वर्णनावरून सर्वात जवळचा वर्ग शोधतो. वर्णन मोघम असलं की तो सर्वात कडक वर्ग धरतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

टब नुसते विकायचे असतील तर ते दुकान झालं. तासाच्या हिशेबाने लोक पाण्यात बसणार असतील तर प्रकरण हेल्थ क्लब किंवा जलतरण तलावाच्या जवळ जातं. सोबत मसाज ठेवलात की पोलिसांचं लक्ष आलंच. रात्रभर खोली देणार असाल तर ते लॉजिंग, आणि चहा-नाश्त्याचं किचन लावलं की उपाहारगृहाचे नियम, अन्न परवाना, अग्निशमनाच्या वेगळ्या अटी. प्रत्येक वाढीव सेवेबरोबर पार्किंगची गरजही बदलू शकते.

पानावर हे यायलाच हवं: टब किती, प्रत्येकात माणसं किती, एका वेळी आवारात जास्तीत जास्त किती लोक, सुरू आणि बंद होण्याची वेळ, कर्मचारी किती, स्त्री-पुरुषांसाठी कपडे बदलायच्या जागा कुठे, मसाज आहे की नाही, खाणं आहे की नाही, पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार. 'मसाज नाही' आणि 'मुक्काम नाही' ही दोन वाक्यं खरी असतील तर ठळक लिहा.

सावध: "ब्युटी पार्लर म्हणून टाकून देऊ, मग बघू" हा सल्ला बाजारात फुकट मिळतो. पार्लरच्या नावावर मंजुरी घेऊन आत चार टब बसवले, तर पहिल्याच तक्रारीनंतर पाहणीला आलेल्या अभियंत्याच्या हातात तुमचाच अर्ज तुमच्याविरुद्धचा पुरावा असतो.

## टप्पा २: जागेचे कागद, भाडेकराराच्या आधी

सर्वात जास्त प्रकरणं इथे अडतात, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला कागद आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. तीत जमीन कोणाची, हे पाहायचं. मध्य नागपुरातले कितीतरी भूखंड नझूलचे आहेत, म्हणजे शासनाच्या भाडेपट्ट्यावर दिलेले, आणि कितीतरी नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) भाडेपट्ट्यावरचे. पट्ट्यात वापर लिहिलेला असतो. तो 'निवासी' असेल, तर महापालिकेने उद्या परवानगी दिली तरी मूळ जमीनमालक पट्ट्याच्या अटीचा भंग म्हणून नोटीस काढू शकतो. तिथे आधी नझूल कार्यालयाची किंवा नासुप्रची ना-हरकत लागते, आणि तिचे पैसे कोण भरणार, हे घरमालकाशी आधीच बोलून घ्यावं लागतं. पट्ट्याची मुदत संपून नूतनीकरण अडकलं असेल तर ती जागा सोडा. ते प्रकरण तुमच्या भाड्याच्या मुदतीत सुटेल, यावर पैज लावण्यात अर्थ नाही.

दुसरा कागद मंजूर नकाशा, तिसरा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिल्याचा दाखला. नकाशात तुमच्या गाळ्यावर काय लिहिलंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. 'दुकान', 'कार्यालय', 'निवासी सदनिका', 'पार्किंग' यांपैकी काहीही निघू शकतं. रामदासपेठेतल्या आणि बर्डीतल्या व्यापारी संकुलांची तळघरं स्वस्त मिळतात, त्याला कारण असतं. नकाशात ते तळघर पार्किंग असेल तर विषय तिथेच संपला. गच्चीचंही तेच. गच्ची सामाईक असते, आणि टबवर टाकलेलं पत्र्याचं शेड हे स्वतंत्र अनधिकृत बांधकाम ठरतं.

मालक नकाशा देत नसेल, "सापडत नाही" म्हणत असेल, तर माहिती अधिकारात महापालिकेकडून किंवा नासुप्रकडून प्रत मागा. अर्जाचे १० रुपये, उत्तराला ३० दिवस. तेवढा वेळ काढवत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

चौथा कागद नागपुरात बहुतेक ठिकाणी लागतो आणि बाहेरून आलेल्या सल्लागाराला माहीत नसतो. इथल्या बऱ्याच इमारती सहकारी सोसायटीत मोडत नाहीत. त्या १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येतात. त्यांचं 'डीड ऑफ डिक्लरेशन', म्हणजे घोषणापत्र, नोंदवलेलं असतं आणि त्यात प्रत्येक युनिटचा वापर सांगितलेला असतो. ते नोंदणी कार्यालयातून काढून वाचा.

तपासून घ्या: आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि घोषणापत्र या चारांत मालकाचं नाव आणि क्षेत्रफळ जुळतं का? वारसांची नावं चढायची राहिली असतील तर अर्जावर सही कोण करणार, हा प्रश्न आजच सोडवा. जागावापराचा अर्ज मालकाच्या नावाने जातो. भाडेकरूला तो करायचा असेल तर मालकाचं मुखत्यारपत्र लागतं.

या टप्प्यापर्यंत भाडेकरार करू नका. जागा हातची जाईल अशी भीती असेल तर छोटा एमओयू करा आणि त्यात स्पष्ट लिहा: वापर बदलाची परवानगी नाकारली गेली तर टोकन परत, आणि परवानगी मिळेपर्यंत भाडं सुरू नाही.

## टप्पा ३: झोन आणि रस्त्याची रुंदी

विकास आराखड्यात भूखंड कुठल्या झोनमध्ये आहे, याचा झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागातून घ्या. लोकसेवा हक्क कायद्याखाली या सेवांना मुदत ठरलेली आहे, तेव्हा पावती जपा. भूखंड महापालिका हद्दीत आहे म्हणून अर्जही महापालिकेकडेच, असं धरून चालू नका. लेआउट नासुप्रचा असेल तर कोणत्या कार्यालयाचा अधिकार, ते आधी लेखी विचारा. आणि महापालिकेच्या ज्या दहा 'झोन' कार्यालयांत आपण कर भरतो, त्यांचा या झोनशी काही संबंध नाही. धरमपेठ झोनमधून कराची पावती आणून "झोन क्लिअर आहे" म्हणणारे लोक खरोखर भेटतात.

वाणिज्य झोन असेल तर काम सोपं. निवासी झोन असेल तर रस्ता मोजायचा. महापालिका क्षेत्रात दाट वस्तीबाहेर १२ मीटर आणि दाट वस्तीत ९ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याला लागलेला निवासी भूखंड आर-२ मध्ये धरतात, त्याहून अरुंद रस्त्यावरचा आर-१ मध्ये. आर-१ मध्ये धंद्यांची यादी आखूड आहे. वेस्ट हायकोर्ट रोडवरचा भूखंड आणि त्याच्या मागच्या गल्लीतला भूखंड यांच्यात पन्नास पावलांचं अंतर असतं, पण उत्तर वेगळं येतं.

रस्ता म्हणजे डांबर नव्हे. रुंदी समोरासमोरच्या भूखंडांच्या हद्दींमधली धरतात, आणि ती मंजूर लेआउटशी ताडून पाहतात. टेप घेऊन डांबर मोजून अर्जात आकडा लिहू नका.

त्यानंतर नियमावलीतलं तुमच्या झोनचं कलम उघडा आणि तुमचा वापर ज्या नोंदीत बसतो, तिचा क्रमांक टप्पा १ च्या पानावर लिहा. ती नोंद सापडली नाही, तर "इतर तत्सम वापर" असा आधार मिळतो का, ते परवानाधारक वास्तुविशारदाला विचारा. नोंदीचा क्रमांक नसलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

तपासून घ्या: आरक्षण किंवा रस्तारुंदीची रेषा भूखंडावरून जाते का? भाग नकाशात ती दिसते. कस्तुरचंद पार्क, झिरो माइल यांसारख्या वारसा स्थळांजवळ असाल तर दर्शनी भागातल्या बदलासाठी हेरिटेज समितीचा विषय निघतो का, तेही इथेच विचारा.

## टप्पा ४: अर्जाआधीची भेट

सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात वास्तुविशारदासोबत एकदा जा. सोबत एक पान, झोन दाखला, मंजूर नकाशा. विचारायचे प्रश्न दोनच: हा वापर कोणत्या नोंदीत धरणार, आणि कोणत्या ना-हरकती जोडायच्या? तोंडी "हो जाईल" हे उत्तर नाही. परतल्यावर त्याच दिवशी भेटीचा मुद्देसूद अर्ज आवक विभागात द्या आणि शिक्क्याची प्रत ठेवा.

## टप्पा ५: मजला, पाणी, वीज

जागावापराच्या अर्जात हा भाग दुय्यम समजतात. मंजुरी अडवण्याची ताकद मात्र याच्यात सर्वात जास्त आहे, कारण इथे आकडे बोलतात.

सहा माणसांच्या टबमध्ये साधारण १,४०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १,४०० किलो. टब आणि पंपाचे ३५० किलो धरा, माणसांचे ४५० किलो. झाले २,२०० किलो, आणि टबचा पाया २.१ मीटर चौरस, म्हणजे ४.४१ चौरस मीटर. भागाकार करा: दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. भारतीय मानक ८७५ प्रमाणे राहत्या घराच्या मजल्यासाठी धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो, दुकानांसाठी त्याच्या दुप्पट. म्हणजे निवासी सदनिकेच्या पहिल्या मजल्यावर टब ठेवणं हा नुसता झोनचा प्रश्न उरत नाही. माझं मत विचाराल तर बर्डीतल्या जुन्या इमारतीत तळमजल्याशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच करू नका. वरचा मजला घ्यायचाच असेल तर मूळ स्ट्रक्चरल नकाशावर आधारित प्रमाणपत्र घ्या. इमारतीला नुसती भेट देऊन "मजला मजबूत आहे" असं लिहून देणाऱ्या अभियंत्याचा कागद चालत नाही आणि चालूही नये.

पाण्याचा हिशेब अर्जाला जोडा. चार टब आठवड्यातून एकदा पूर्ण बदलले तर ५,६०० लिटर, म्हणजे रोजचे ८०० लिटर. रोज ४० ग्राहक धरले आणि टबमध्ये उतरण्याआधी प्रत्येकाच्या शॉवरला ४० लिटर, तर आणखी १,६०० लिटर. एकूण २,४०० लिटर रोज, बाष्पीभवनाचं वेगळं. इमारतीतलं घरगुती नळ कनेक्शन यासाठी चालणार नाही. ऑरेंज सिटी वॉटरकडून बिगरनिवासी जोडणी घ्यावी लागेल. बोअरवर विसंबण्याआधी पाण्याची तपासणी करा. बोअरचं पाणी जड निघालं की हीटरच्या कॉइलवर क्षार बसतात.

सांडपाणी कुठे सोडणार, हे नकाशावर रेषेने दाखवा. टबचं क्लोरीन मिसळलेलं पाणी मलवाहिनीच्या चेंबरला गेलं पाहिजे, पावसाळी नालीत नाही. एकाच वेळी दोन टब रिकामे केले तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्याचं चेंबर उफाळतं आणि तक्रार तिथून सुरू होते. म्हणून 'एका वेळी एकच टब, रात्री बंद झाल्यावर' असं वेळापत्रक अर्जातच द्या.

वीज: प्रत्येक टबला ३ किलोवॅटचा हीटर आणि दीड किलोवॅटचे पंप धरले तरी चार टबांचे १८ किलोवॅट होतात. त्यावर एसी, गीझर, दिवे. महावितरणच्या वाणिज्य जोडणीत २० किलोवॅटच्या पुढे दराचा गट बदलतो, आणि इमारतीच्या मीटर पॅनेलला एवढा भार झेपतो का, हा वेगळाच प्रश्न. प्रत्येक टबच्या सर्किटला ३० मिलीअॅम्पिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग नकाशात दिसू द्या.

## टप्पा ६: पार्किंग

मध्यवर्ती भागातले अर्ज झोनमुळे पडतात त्याहून जास्त पार्किंगमुळे लटकतात. वापर बदलला की पार्किंगची मोजणी नव्याने होते. एका मोटारीला २.५ × ५ मीटर आणि दुचाकीला १ × २ मीटर जागा नकाशात आखून दाखवावी लागते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या नावावर आधीच वाटलेली नसावी. रस्त्यावरचं महापालिकेचं सशुल्क पार्किंग हिशेबात धरता येत नाही. समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाने "लावा की गाड्या" म्हटलं, त्याला किंमत शून्य.

इथे धंद्याच्या रचनेचा उपयोग होतो. तासाचं बुकिंग आधीच घ्यायचं, चारही टबांच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी सरकवायच्या, म्हणजे एका वेळची गर्दी कमी दाखवता येते. नियमातली संख्या यामुळे कमी होत नाही, पण शेजाऱ्यांच्या हरकतीला लेखी उत्तर तयार राहतं.

सावध: इमारतीचं पार्किंग बंद करून तिथे दुकानं काढलेली असतील, तर तुमचा अर्ज त्या जुन्या भानगडीवर प्रकाश टाकणार. मालक मग अर्जावर सही करायला का टाळाटाळ करतो, ते कळेल. अशी जागा घेऊ नये.

## टप्पा ७: शेजाऱ्यांची संमती

घोषणापत्रात तरतूद असेल किंवा सामाईक भिंत, पाइप, गच्ची यांना हात लागणार असेल तर अपार्टमेंटधारकांच्या बैठकीचा ठराव घ्या. नुसत्या सह्यांचा कागद नको. बैठकीची नोटीस, हजेरी, ठराव असं सगळं पाहिजे. लोकांना तीन गोष्टींची धास्ती असते: ओल, आवाज, आणि 'आत नेमकं काय चालतं'. तिसरीबद्दल कुणी तोंडावर विचारणार नाही. तुम्हीच आधी सांगा: मसाज नाही, स्वागतकक्षात आणि मार्गिकेत कॅमेरे, कपडे बदलायच्या जागेत नाहीत, ग्राहकांची नोंदवही, रात्री बंद होण्याची वेळ. धंतोली-रामदासपेठेत रुग्णालयाच्या बाजूची जागा असेल तर वाजणारं संगीत ठरावातच बंद करून टाका.

## टप्पा ८: अर्ज, त्रुटीपत्र आणि साठ दिवस

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातला महत्त्वाचा बदल हाही 'विकास'च धरला आहे. म्हणजे एक वीट न रचताही परवानगी लागते. अर्ज कलम ४४ खाली, वास्तुविशारदामार्फत.

जोडायचा क्रम असा ठेवा: मालकी आणि पट्ट्याची ना-हरकत, मूळ मंजूर नकाशा व भोगवटा, झोन दाखला, प्रस्तावित नकाशा, स्ट्रक्चरल प्रमाणपत्र, पार्किंगचा तक्ता, पाणी-सांडपाण्याचा हिशेब, अग्निशमन विभागाची तात्पुरती ना-हरकत, अपार्टमेंटचा ठराव, आणि सर्वांत वर ते एक पान. प्रस्तावित नकाशात टब नावानिशी दाखवा. 'सर्व्हिस एरिया' लिहून लपवाल तर मौका तपासणीत उघडं पडेल.

त्रुटीपत्र येणारच. त्याला मुद्द्यामुद्द्याने, त्याच क्रमांकाने, एकाच पत्रात उत्तर द्या. अर्धी उत्तरं आज, अर्धी पुढच्या महिन्यात असं केलं की फाइल तळाला जाते.

कायद्यात ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. तिच्या भरवशावर टब आणू नका. ती मानीव परवानगी नियमावलीत बसणाऱ्या कामालाच लागू पडते, आणि तुमचं काम बसतं की नाही, हाच तर वाद असतो. नकार आला, किंवा जाचक अट आली, तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील आहे. आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत. तारीख लिहून ठेवा.

## टप्पा ९: मंजुरीनंतर, पण ग्राहकांच्या आधी

मंजूर नकाशाप्रमाणेच काम, मग पूर्णत्वाचा दाखला आणि नव्या वापराचं भोगवटा प्रमाणपत्र. टब या टप्प्यावर मागवा.

गुमास्ता, जीएसटी, व्यावसायिक दराचा मालमत्ता कर हे सगळं होईल, पण यातलं काहीही जागावापराची परवानगी ठरत नाही. मेरठमधल्या निवासी भूखंडावरच्या दुकानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये आणि वीज-पाण्याची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, असं बजावलं आहे. "वर्षानुवर्षं कमर्शियल टॅक्स भरतोय" हा घरमालकाचा युक्तिवाद त्यामुळे आणखीच लंगडा झाला आहे.

पोलीस आयुक्तालयात सार्वजनिक करमणुकीच्या जागेचा परवाना या धंद्याला लागतो का, याचं लेखी उत्तर घ्या. अग्निशमन यंत्रणेची तपासणी परवानाधारक एजन्सीकडून करून नमुना 'ब' दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचा असतो. तो चुकला की पुढच्या तक्रारीत पहिला मुद्दा तोच येतो. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि तिच्यावर मंजुरीत लिहिलेलाच व्यवसाय. मंजुरी हेल्थ क्लबची आणि पाटीवर 'स्पा अँड मसाज', असं करू नका.

पाण्याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नाही, मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, सामू ७ ते ७.८ च्या दरम्यान, दिवसातून अनेकदा मोजलेलं, वेळ आणि सहीसकट. कोमट पाण्याच्या फवाऱ्यातून लिजिओनेला जिवाणू फुफ्फुसात जाऊ शकतो, म्हणून ही वही. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हीटर न लावताच चाळिशीच्या आसपास पोचतं. तेव्हा टब गार ठेवायची सोयही मूळ नकाशात आणि वीजभारात धरलेली असावी, नाहीतर उन्हाळ्यात चिलर बसवायचा म्हणून पुन्हा सुधारित नकाशा घेऊन त्याच खिडकीवर उभं राहावं लागेल.